गेम खेळताना लॅपटॉप तापतोय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर गेमिंग लॅपटॉपची रांग लागते. "दादा, गेम लावला की लई तापालाय, पेस्ट बदलून द्या की." पेस्ट म्हणजे चिप आणि तिच्यावरची तांब्याची पट्टी यांच्या मधली, उष्णता वाहून नेणारी लेई. बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं की ती बदलली की काम होणार. माझा क्रम उलटा आहे. आधी मोजायचं, मग हवा बघायची, मग सेटिंग, मग सफाई, आणि पेस्टचा नंबर सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत, म्हणून खालचे प्रश्नही साधारण त्याच क्रमाने घेतले आहेत.

गेम खेळताना लॅपटॉप तापतो म्हणजे तो बिघडला का?

नाही. गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून शंभर-दीडशे वॉट वीज सहज खातात आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. डेस्कटॉपमध्ये तिला मोकळी जागा असते, इथे बोटभर जाडीच्या डब्यातून तिला वाट काढावी लागते.

आत काय घडतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. चिपवर तांब्याची पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यापासून तांब्याच्या चपट्या नळ्या निघतात. या नळ्या पोकळ असतात, आत अगदी थेंबभर पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाते, तिथे पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या अस्तरातून परत येतं. थंड टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते, तिला फिन्स म्हणतात. फॅन खालून हवा ओढतो आणि या फिन्समधून बाहेर फेकतो. चिप, पेस्ट, नळी, फिन्स, फॅन, खोलीतली हवा अशी ही साखळी आहे. एक कडी अडली की तापमान चढतं.

किती तापमान चालतं आणि किती झालं की काळजी करायची?

इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. एएमडी रायझनची मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५. एनव्हिडियाची लॅपटॉपमधली ग्राफिक्स कार्डं साधारण ८७ अंशांच्या आसपास स्वतःला आवरायला लागतात. म्हणजे गेममध्ये प्रोसेसर ८०-९० आणि ग्राफिक्स कार्ड ७५-८५ दिसलं तर घाबरू नका. प्रोसेसर सतत ९५ च्या वर राहतोय आणि सोबत गेम अडखळतोय, तेव्हा हात घालायची वेळ आली.

हे मोजायचं कसं?

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि सेन्सर्सचा पर्याय उघडा. खेळताना पडद्यावरच आकडे हवे असतील तर एमएसआय आफ्टरबर्नर घ्या, तो कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चालतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसता चिपचा आकडा लिहून ठेवू नका, शेजारी खोलीचं तापमानही लिहा. भिंतीवर लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर त्याला पुरतो. एकच गेम, तेच सेटिंग, अर्धा तास खेळून दोन्ही आकडे टिपा आणि वजाबाकी करा. माझा सगळा भरवसा या फरकावर आहे. समजा गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, खोली २५ आणि प्रोसेसर ७८ होता, म्हणजे फरक ५३. मे महिन्यात खोली ३८ आणि प्रोसेसर ९१. आकडा बघून छातीत धस्स होतं, पण फरक तोच ५३ आहे. लॅपटॉपला काहीही झालेलं नाही, सोलापूर तापलंय. खोली ३८ असताना प्रोसेसर ९८-९९ ला जाऊन चिकटला असेल, तर मात्र फरक वाढलाय आणि आत कचरा तरी साचलाय किंवा पेस्ट तरी गेलीय.

हा फरक वर्षातून दोनदा, थंडीत आणि उन्हाळ्यात, वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे असे आकडे घेऊन आलेल्या माणसाचा अर्धा निदानाचा वेळ वाचतो आणि नको तो खर्चही.

पहिली पंधरा मिनिटं गेम मस्त चालतो, मग एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) एकदम पडतात. का?

सुरुवातीला तांब्याच्या नळ्या आणि फिन्स थंड असतात, त्या उष्णता पिऊन घेतात. त्या भरल्या की चिप मर्यादेला टेकते आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. वेग उतरला की थोडी थंड होते, पुन्हा वेग घेते, पुन्हा तापते. हे वर-खाली म्हणजेच तुम्हाला जाणवणारे झटके. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगची ओळ असते, तिथे 'येस' दिसलं तर शंका संपली. 'नो' असेल आणि तरी गेम अडकत असेल, तर कारण रॅम, इंटरनेट किंवा हार्ड डिस्कमध्ये शोधा.

पुण्यातल्या मित्राकडे हाच लॅपटॉप आहे, त्याचा एवढा तापत नाही. असं कसं?

त्याची खोली तुमच्या खोलीपेक्षा थंड असणार. फॅन लॅपटॉपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली दहा अंशांनी वाढली की चिपही जवळपास तेवढीच वाढते. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतची हवा गृहीत धरतात, ते पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलेलंही असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, काही दिवस ४३-४४ ला जातो. म्हणजे भर दुपारी, पंख्याखाली, बंद खोलीत खेळताना तुम्ही कंपनीच्या हिशोबाच्या बाहेर खेळत असता.

मग उन्हाळ्यात कधी आणि कुठे खेळायचं?

वरच्या मजल्याची खोली असेल तर संध्याकाळचे सात-आठ ही वेळ वाटते तेवढी चांगली नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. बाहेर वारं सुटलेलं असतं, पण छताला हात लावून बघा, भाजतं. रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर पाणी मारण्याची आपल्याकडची पद्धत इथेही कामाची आहे, फक्त पाण्याची पाळी बघून. पत्र्याचं घर लवकर तापतं पण लवकर निवतंही, तिथे रात्रीचं खेळणं सोसतं. सगळ्यात थंड वेळ पहाटेची. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच ते आठ खेळणाऱ्या मुलांचे आकडे दुपारच्या आकड्यांपेक्षा सरळ सहा-आठ अंशांनी खाली दिसतात.

जागा निवडताना लॅपटॉपच्या मागे आणि बाजूला वीतभर तरी मोकळं ठेवा. बाहेर पडणारी गरम हवा भिंतीवर आपटून परत आत ओढली गेली तर फॅन कितीही फिरला तरी उपयोग नाही. कपाटाच्या कप्प्यात टेबल बसवून घेतलेलं असतं तिथे नेमकं हेच होतं.

गादीवर चादर टाकून खेळलं तर चालतं का?

नाही चालत. सोलापुरी चादर जाड आणि मऊ असते, तिच्यात लॅपटॉप रुततो आणि खालच्या जाळ्या पूर्ण बंद होतात. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर पांघरायला उत्तम, लॅपटॉपखाली नको. शिवाय तिचे तंतू सुटून थेट फॅनमध्ये जातात. गादीवरच बसायचं असेल तर खाली पाट घ्या किंवा लाकडी फळी.

मांडीवर ठेवून तासन्‌तास खेळू नका. सतत लागणाऱ्या शेकाने मांडीच्या कातडीवर जाळीदार तपकिरी डाग पडू शकतात.

मागून उचलून ठेवल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि फुकट पडतो. मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन एकसारखी झाकणं ठेवा आणि अर्ध्या तासाची तीच चाचणी पुन्हा करा. खालून हवा ओढणाऱ्या लॅपटॉपमध्ये काही अंश उतरलेले दिसतील. फक्त झाकणं जाळीवर येऊ देऊ नका.

कूलिंग पॅड घेऊ का?

आधी झाकणांची चाचणी करा. तिने फरक पडला तर तुमचा लॅपटॉप खालून श्वास घेतो आणि पॅडचा थोडा उपयोग होईल. अजिबात पडला नाही तर पॅडनेही पडणार नाही. पॅड घेताना त्याचे पंखे आणि लॅपटॉपच्या जाळ्या एकाखाली एक येतात का ते दुकानात लॅपटॉप ठेवूनच बघा. रंगीत दिवे लावलेले स्वस्त पॅड बहुतेक वेळा उंची देण्यापलीकडे काही करत नाहीत. फोमची कडा असलेले, जोरात हवा दाबणारे पॅड खरोखर काम करतात, पण ते आवाज फार करतात आणि धूळही तेवढ्याच जोराने आत ढकलतात. आपल्या हवेत ही दुसरी गोष्ट मला जास्त खटकते, म्हणून त्यांना धुळीची जाळी असेल तरच घ्या.

लॅपटॉप कूलरसमोर ठेवला तर?

सोलापूरची उन्हाळ्याची हवा कोरडी असते, म्हणून इथे पाण्याचा कूलर चांगला चालतो आणि त्याने खोली खाली आली की लॅपटॉपही खाली येतो. खोलीत कूलर जरूर लावा. पण लॅपटॉप त्याच्या अगदी तोंडाशी ठेवू नका. जुन्या कूलरमधून पाण्याचे बारीक तुषार उडतात. बोअरचं पाणी असेल तर ते क्षारही घेऊन येतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर दिसतो तोच आत मदरबोर्डवर बसायला नको. कूलर एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, आणि एक खिडकी उघडी. खिडकी बंद ठेवली तर तासाभरात खोली दमट होते आणि कूलर गारवा देणं थांबवतो.

पावसाळ्यात कूलर बंदच बरा.

थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून किंवा खाली बर्फाची पिशवी ठेवून?

कधीही नाही. थंड झालेल्या धातूवर हवेतलं पाणी दव होऊन बसतं आणि ते सर्किटवर बसलं की बोर्ड जातो. ओलं फडकंही नको.

पैसे न घालवता, लॅपटॉप न उघडता सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

एफपीएसला लगाम घालून. बरेच जण हे करत नाहीत, आणि मला याचंच सगळ्यात नवल वाटतं. तुमचा पडदा सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, म्हणजे १४४ हर्ट्‌झचा आहे आणि व्हॅलोरंट हा गेम २४० एफपीएसने पळतोय, तर वरचे शंभर फ्रेम तुम्हाला कधी दिसतच नाहीत. पण ते काढायला चिप पूर्ण जोर लावते आणि तापते. गोष्ट खेळण्यापुरतीही मर्यादित नाही. मॅच शोधत लॉबीत बसलेले असता, पडद्यावर नुसतं एक पात्र उभं असतं आणि ग्राफिक्स कार्ड मात्र शंभर टक्के चाललेलं असतं, कारण मेन्यूला मर्यादाच घातलेली नसते.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्जमध्ये जा आणि मॅक्स फ्रेम रेट चालू करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेडिऑन चिल आहे. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये खुद्द गेमच्या सेटिंगमध्येच मेन्यूसाठी, खेळताना आणि खिडकी मागे गेल्यावर अशा वेगवेगळ्या मर्यादा घालता येतात. मेन्यूला ३० किंवा ६० घाला. जीटीए फाइव्ह, फोर्झा, क्रिकेटचे गेम अशा एकट्याने खेळायच्या गेमना ६० भरपूर होतात. स्पर्धेचे गेम पडद्याच्या हर्ट्‌झइतके किंवा त्याहून थोडे कमी ठेवा.

त्यानंतर गेमच्या सेटिंगमध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश आणि प्रतिबिंबं दाखवणारा पर्याय) बंद करा आणि सावल्यांचा दर्जा एक पायरी उतरवा. टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, मात्र उतरवायची गरज नाही, ते मुख्यतः ग्राफिक्स मेमरी खातं, उष्णता फारशी वाढवत नाही. लोक नेमकं उलटं करतात, टेक्श्चर लो करून गेम विद्रूप करतात आणि सावल्या अल्ट्रावर ठेवतात.

टर्बो बूस्ट बंद करावा का? ९९ टक्क्यांची युक्ती म्हणतात ती काय?

कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जखाली प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट असतं. तिथे मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ केलं की प्रोसेसर टर्बोमध्ये, म्हणजे गरजेला वाढवलेल्या वेगात, जात नाही, मूळ वेगावर राहतो. तापमान धाडकन खाली येतं, कधी कधी पंधरा-वीस अंश. कारण वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वरचा थोडासा वेग फार महागात पडतो.

पण ही युक्ती डोळे मिटून करू नका. इंटेल कोअर आय५-१२४५०एच घ्या. त्याच्या मोठ्या कोअरचा टर्बो वेग ४.४ गिगाहर्ट्‌झ, पण मूळ वेग फक्त २ गिगाहर्ट्‌झ आहे. टर्बो बंद केला की ग्राफिक्सवर भार असलेले गेम ठीक चालतील, पण काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारखे प्रोसेसरवर चालणारे गेम आपटतील. करून बघा, एफपीएस मोजा, नाही पटलं तर परत १०० करा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतच नाही. तेव्हा कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधला टर्बो किंवा परफॉर्मन्स मोड सोडून बॅलन्स्ड मोड लावा, परिणाम बऱ्यापैकी तोच मिळतो.

अंडरव्होल्टिंगने लॅपटॉप खराब होतो का?

व्होल्टेज कमी केल्याने चिप जळत नाही. फार कमी केलं तर गेम बंद पडतो किंवा निळा पडदा येतो, रीस्टार्ट केलं की काम झालं. ग्राफिक्स कार्डासाठी एमएसआय आफ्टरबर्नरमधला व्होल्टेजचा आलेख वापरतात आणि तो बहुतेक लॅपटॉपवर चालतो. इंटेल प्रोसेसरसाठी थ्रॉटलस्टॉप आहे, पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर अनेक कंपन्यांनी बायॉसमधूनच (लॅपटॉप सुरू होताना चालणारं मूळ सॉफ्टवेअर) हा पर्याय कुलूपबंद केला. तुमच्या लॅपटॉपमध्ये बंद असेल तर बायॉसशी खटपट करत बसू नका.

आत एवढा कचरा येतो कुठून?

अशोक चौक, कन्ना चौक, नीलम नगर, अक्कलकोट रोड एमआयडीसी या पट्ट्यातून लॅपटॉप आला की झाकण उघडायच्या आधीच मला अंदाज असतो. आपला पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांचा भाग. चादर आणि टॉवेल विणताना सुताचे बारीक तंतू सतत हवेत उडत असतात. ज्यांच्या घरालाच कारखाना लागून आहे, तिथे तर ते पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटवर, सगळीकडे दिसतात. लॅपटॉपचा फॅन तेच ओढतो.

साधी धूळ बारीक असते, बरीचशी फिन्समधून पलीकडे निघून जाते. तंतू निघत नाहीत. ते फिन्सच्या तोंडाशी, फॅन आणि फिन्स यांच्या मधल्या अरुंद जागेत आडवे अडकतात, त्यांच्यावर धूळ बसते, त्यावर आणखी तंतू, आणि काही महिन्यांत तिथे नमद्यासारखा घट्ट पट्टा तयार होतो. चिमट्याने धरला की अख्खा एका तुकड्यात बाहेर येतो. कधी तो निळसर असतो, कधी गुलाबी, शेजारी कोणत्या रंगाचे टॉवेल विणले जातात त्यावर. बाहेरून फॅन नीट फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण मागच्या जाळीपुढे हात धरला तर हवाच लागत नाही. असा लॅपटॉप साफ केला की पेस्टला हातही न लावता फरक दहा-पंधरा अंशांनी उतरतो.

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या नव्या वस्त्यांत तंतू कमी, पण बांधकामाची आणि मातीची धूळ जास्त. तिथे वर्षातून एकदा सफाई पुरते. मागांच्या भागात चार-सहा महिन्यांनी करा, आणि लॅपटॉप वापरात नसताना त्यावर पातळ सुती कापड झाका. टॉवेल नको.

बाहेरून ब्लोअर मारला तर पुरतं का?

सुट्या धुळीसाठी पुरतं. तंतूंचा पट्टा असेल तर नाही, तो उलट फॅनच्या पात्यांत ढकलला जातो आणि फॅन अडतो. ब्लोअर मारताना फॅन काडीने अडवून धरा. जोराच्या हवेने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं आणि उलटी वीज बोर्डात जाण्याचा धोकाही असतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या नळीपाशी स्थिर वीज तयार होते.

स्वतः उघडून साफ करू का?

वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या केंद्राला विचारा. संपली असेल आणि हात स्थिर असेल तर करता येतं. आपल्याच मॉडेलचा खोलण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा, थांबवत थांबवत नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. खालचे स्क्रू काढताना ते ज्या जागचे आहेत तसेच कागदावर मांडून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वर कीबोर्डाच्या बाजूने उमटतो. झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर नको, जुनं एटीएम कार्ड घ्या. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. वायर धरून ओढू नका, प्लॅस्टिकच्या टोकाला धरून हळूच सरकवा. मग फॅनचे दोन-तीन स्क्रू काढा, फॅन उचला, पट्टा चिमट्याने काढा, फिन्सवरून मऊ ब्रश फिरवा. तांब्याच्या नळ्यांना हात लावू नका. त्या उचलल्या की खालची पेस्ट फाटते आणि मग ती बदलावीच लागते.

थर्मल पेस्ट कधी बदलायची?

सफाई झाली, मागून हवा जोरात येतेय, तरी फरक पूर्वीपेक्षा मोठाच आहे, तेव्हा. वर्ष झालं म्हणून बदलायची गरज नसते. आणखी एक खूण म्हणजे गेम सुरू करताच काही सेकंदांत प्रोसेसर ५० वरून ९५ वर उडी मारतो आणि फिन्सजवळची हवा मात्र कोमटच असते. म्हणजे उष्णता चिपवरून तांब्यात पोचतच नाहीये.

लॅपटॉपची चिप उघडी असते आणि ती तापून-निवून थोडी थोडी हलत राहते, त्यामुळे पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणून डेस्कटॉपला उत्तम असलेली पेस्ट लॅपटॉपमध्ये कधी कधी काही महिन्यांतच उतरते. घट्टसर पेस्ट घ्या, किंवा हनीवेलची पीटीएम७९५० ही पातळ पट्टी मिळाली तर ती लावा. ती साधारण ४५ अंशांवर मऊ होऊन चिपवर पसरते आणि कडेला पळत नाही. माझी पसंती तिलाच आहे, फक्त नकली माल बराच येतो, ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

ग्राफिक्स मेमरीवर जे राखाडी किंवा निळे मऊ पॅड असतात त्यांच्या जागी पेस्ट लावू नका. तिथे मिलिमीटरभर फट असते, ती पेस्टने भरत नाही आणि मेमरी विनाकारण जळते. पॅड फाटला तर त्याच जाडीचा नवा लावायचा.

लिक्विड मेटल लावून मिळेल का?

म्हणजे पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू. मी लावत नाही आणि लावू नका असंच सांगतो. त्यात गॅलियम असतं, ते अ‍ॅल्युमिनियमला खातं, आणि वीजवाहक असल्यामुळे एक थेंब बाहेर गेला तर बोर्ड संपला. आसुसच्या आरओजी मालिकेतल्या काही लॅपटॉपमध्ये ते कारखान्यातूनच येतं. तुमचा लॅपटॉप त्यातला असेल तर हीटसिंक (तांब्याची पट्टी, नळ्या आणि फिन्स) उघडायच्या आधी दुरुस्तीवाल्याला ते आवर्जून सांगा.

फॅनमधून खरखर आवाज येतोय. तेल घालू का?

जोरात वाऱ्याचा आवाज येणं ठीक आहे. खरखर, टकटक किंवा शिट्टी येत असेल तर बेअरिंग झिजलंय. शिलाई मशीनचं तेल घातल्याने चार दिवस बरं वाटतं, मग तेलावर धूळ धरते. फॅन बदला. मॉडेल नंबर फॅनच्याच स्टिकरवर असतो आणि डावा-उजवा वेगळा असतो, तो बघून मागवा.

लॅपटॉप खेळताना अचानक बंदच पडतो.

तापमान थ्रॉटलिंगनेही आवरलं नाही तर चिप स्वतःला वाचवायला वीज तोडते. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर खेळणं थांबवा आणि फॅन फिरतोय का ते आधी बघा. फॅन आणि तापमान दोन्ही ठीक असूनही बंद पडत असेल तर चार्जर किंवा बॅटरी तपासा.

उष्णतेने बॅटरीचं काय होतं?

चिप स्वतःची काळजी घेते, बॅटरी घेऊ शकत नाही, म्हणून मला बॅटरीचीच जास्त काळजी वाटते. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: सततची उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं. चार्जर लावून उन्हाळाभर खेळणाऱ्याच्या बॅटरीला दोन्ही एकदम मिळतात. लेनोवो व्हँटेजमध्ये कन्झर्व्हेशन मोड आहे, मायआसुसमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा आहे, इतर बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायॉसमध्ये तसं काहीतरी असतंच. ते आजच लावून टाका.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय, क्लिक होत नाही, किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय? बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी आहे. लगेच बंद करा, चार्जर काढा, वर दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करू नका आणि टोचून तर अजिबात बघू नका, ती पेट घेते. दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

लाइट गेल्यावर बॅटरीवर खेळलं तर चालेल का?

चालेल, पण बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही, गेम हळू होतो आणि तासाभराच्या आसपास बॅटरी संपते. उन्हाळ्यात त्यात पंखाही बंद असतो. सेव्ह करून उठलेलं बरं.

बाहेरचा मॉनिटर जोडून लॅपटॉपचं झाकण बंद ठेवू का?

उघडंच ठेवा. काही लॅपटॉप कीबोर्डामधूनही हवा घेतात, आणि गरम हवा थेट पडद्यावर जाते ती वेगळीच. बाहेरचा कीबोर्ड मात्र जरूर जोडा, बोटं भाजायची थांबतील.

दुरुस्तीला देताना काय सांगू?

तुमचे दोन आकडे सांगा, खोली आणि चिप. आधी फक्त सफाई करा आणि मागचा फॅन उघडून आतला कचरा मला दाखवा, असं सांगा. पेस्ट बदलणार असतील तर कोणती, ते विचारा. दर काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. परत घेताना दुकानातच पंधरा मिनिटं गेम किंवा एखादी ताणाची चाचणी चालवून तापमान बघा, स्क्रू सगळे जागेवर आहेत का मोजा, आणि दोन्ही फॅन फिरताहेत का कान लावून ऐका. चांगला दुरुस्तीवाला याला हरकत घेणार नाही.

नवीन गेमिंग लॅपटॉप घेतोय. सोलापूरच्या उन्हाचा विचार करून काय बघू?

ग्राफिक्स कार्डाच्या नावाआधी त्याचे वॉट विचारा. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव, पण कंपनी त्याला लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बांधू शकते. पातळ, हलका लॅपटॉप दुकानाच्या एसीत छान चालतो, मे महिन्यात घरी नाही. थोडा जाड, दोन फॅनचा, मागे आणि बाजूला दोन्हीकडे जाळ्या असलेला घ्या. खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का आणि फॅन नळ्यांपासून वेगळा निघतो का, हे त्या मॉडेलच्या खोलण्याच्या व्हिडिओत बघून घ्या. काही मॉडेलमध्ये फॅन आणि तांब्याच्या नळ्या एकत्र जोडलेल्या असतात, म्हणजे दर सफाईला पेस्टही बदलावी लागते. मागांच्या भागात राहत असाल तर असा लॅपटॉप घेऊच नका.